आधी व्हीसीआर, मग रेकॉर्डर

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवायचं घरात एकदा ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘रेकॉर्डर कोणता घ्यायचा?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. साध्यातला साधा डीव्हीडी रेकॉर्डरही त्याहून जास्त टिपतो. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा वाचणाऱ्या यंत्रात, लिहिणाऱ्या नव्हे. व्हीसीआरचं हेड मळलेलं असेल तर महागातला महाग रेकॉर्डर चित्रातल्या मुंग्या इमानेइतबारे डिस्कवर लिहून ठेवील. तेव्हा पैसे आणि कष्ट आधी व्हीसीआरवर घाला. त्यातही घाई आहे, कारण जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवा व्हीसीआर बाजारात आलेला नाही. आहेत ती यंत्रं म्हातारी होत चालली आहेत.

त्याहीआधी कपाटात नेमकं काय आहे ते बघा. पुस्तकाएवढी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आपल्याकडच्या लग्नांचं शूटिंग मुख्यतः हिच्यावरच. मुठीत मावणारी, पण तीच फीत असलेली ती व्हीएचएस-सी. ही अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरमध्ये चालते. ऑडिओ कॅसेटएवढी दिसणारी व्हिडिओ-एट किंवा हाय-एट मात्र कुठल्याही अडॅप्टरने व्हीसीआरमध्ये चालत नाही. तिची फीत ८ मिलिमीटर रुंद, व्हीएचएसची साडेबारा मिलिमीटरहून थोडी जास्त. एकीला दुसरीच्या यंत्रात बसवणार कशी? ‘अडॅप्टर मिळतो’ असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा. या कॅसेटना त्यांचाच कॅमेरा लागतो. सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा कुणाकडे असेल तर उत्तम, कारण त्याची बरीच मॉडेल्स जुनी हाय-एट कॅसेट वाचून थेट डिजिटल सिग्नल देतात. आणि सर्वात छोटी ती मिनी-डीव्ही. ती मुळातच डिजिटल असते, म्हणून तिला पिवळ्या वायरने रेकॉर्डरला जोडू नका. फायरवायर केबलने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला की तासाला साधारण १३ जीबी या हिशेबाने मूळ डेटा जसाच्या तसा उतरतो.

‘आमची कॅसेट आम्ही केव्हाच सीडीवर करून घेतली’ असं पुष्कळ घरांतून ऐकू येतं. ती सीडी म्हणजे व्हीसीडी. त्या काळी गल्लोगल्ली हे काम होत असे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. टीव्हीचं चित्र ज्या दोन सम-विषम ओळींच्या संचांनी बनतं, त्यांतला एक संच तिच्यात सरळ गळून जातो. नाचणारी माणसं झटके देत नाचतात ती त्यामुळे. व्हीसीडी आहे म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका. मूळ कॅसेट शाबूत असेल तर काम पुन्हा, नीट, तिच्यावरूनच करा.

आणखी एक चौकशी करा. लग्नाच्या कॅसेटच्या बहुधा एकाहून जास्त प्रती निघायच्या, एक मुलाकडच्यांना, एक मुलीकडच्यांना. व्हीसीआरवरून व्हीसीआरवर केलेली प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा फिकी असते. आपल्याकडची कॅसेट कितव्या पिढीची आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, पण मामांकडची लावून पाहिली तर फरक लगेच कळतो. मिक्सिंग न केलेली मूळ कॅसेट शूटिंगवाल्याने दिली असेल तर ती आधी उतरवा. तिच्यात बदामाच्या आकाराचे इफेक्ट नसतील, पण चेहरे स्वच्छ असतील.

परदेशातून आलेल्या कॅसेटचं प्रकरण वेगळं. भारतात पाल पद्धत चालते, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं आणि ६२५ ओळी. आखाती देशांतही बहुतेक ठिकाणी पालच. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत दुबई-मस्कतहून आलेले व्हीसीआर इथे बिनतक्रार चालले. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी पद्धतीची असते, ५२५ ओळींची. बरेच पाल व्हीसीआर ती ‘दाखवतात’, पण जो सिग्नल देतात तो धड पाल नाही, धड एनटीएससी नाही. टीव्हीवर चित्र छान दिसतं आणि रेकॉर्डरवर काळं-पांढरं किंवा गुंडाळत जाणारं उतरतं. अशा कॅसेटसाठी खरा मल्टिसिस्टम व्हीसीआर शोधा. कुणी अमेरिकेतून तिकडचा व्हीसीआर उचलून आणणार असेल तर त्याला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि रेकॉर्डरही एनटीएससीवर लावता येणारा हवा.

आता कॅसेट लावण्याआधीची कामं. पहिलं, कॅसेटच्या मागच्या कडेवरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी तोडून टाका. ती असेपर्यंत कॅसेटवर नवं रेकॉर्डिंग होऊ शकतं, आणि अनोळखी जुन्या रिमोटवर लाल बटण कुठे असतं हे सगळ्यांना ठाऊक नसतं. ८ मिलिमीटर आणि मिनी-डीव्ही कॅसेटना तोडायची पट्टी नसून सरकवायची खिटी असते. ती रेकॉर्डिंग बंद होईल त्या बाजूला सरकवा.

दुसरं, झडप उचलून फीत उजेडात बघा, खिडकीतून दिसणारी फितीची गुंडाळीही बघा. कडेला पांढरे ठिपके किंवा पिठूळ थर दिसला तर ती बुरशी आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईत चार पावसाळे कपाटाच्या तळाशी काढलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, ‘एकदाच बघू’ म्हणूनही नाही. बुरशी हेडवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, आणि चिकटलेली फीत तुटते ती वेगळीच. गोधड्यांना दाखवतो तसं ऊनही दाखवू नका. उष्णतेने खोकं आणि फीत दोन्ही वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून ती कॅसेट बंद डब्यात बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळं यंत्र राखून ठेवणाऱ्या माणसाकडेच साफ करायला द्या.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटसुद्धा वर्षानुवर्षं हललेल्या नसतात. वाजवण्याआधी शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घ्या. थर मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. गुंडाळताना कुरकुर ऐकू आली, वेग मंदावला, तर तिथेच थांबा.

व्हीसीआर घरचाच असेल तर तो आधी उघडून बघावा लागेल. त्यातले रबराचे पट्टे वितळून चिकट होतात, पिंच रोलर कडक होऊन फितीवरची पकड सोडतो, आणि मग ‘व्हीसीआरने कॅसेट खाल्ली’ हे जुनं वाक्य पुन्हा ऐकायला मिळतं. विकत घ्यायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली आणि जुना बाजार इथे चौकशी करा. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींतही यंत्रं येत असतात. नॅशनल, अकाई, सोनी, जेव्हीसी ही नावं दिसतील. नावापेक्षा यंत्राची हालत महत्त्वाची. फक्त वाजवणारा व्हीसीपी असला तरी आपलं काम होतं, रेकॉर्डिंगची सोय आपल्याला नकोच आहे. जाताना बिनमहत्त्वाची पण चांगल्या चित्राची एक कॅसेट खिशात ठेवा. ती लावून पुढे-मागे गुंडाळा, दहा मिनिटं सलग बघा, बाहेर काढून फितीच्या कडा चुरगळल्या नाहीत ना ते तपासा. चित्राच्या अगदी तळाशी बारीक फाटका पट्टा दिसला तर घाबरू नका. तो प्रत्येक व्हीएचएसला असतो आणि जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली झाकला जायचा. मागे आवाजाच्या दोन पिना असलेला हाय-फाय व्हीसीआर मिळाला तर घ्या. कॅसेटवर हाय-फाय आवाज भरलेला असेल तर ऐकताना फरक जाणवतो.

हेड साफ करणं अवघड नाही, पण दांडगाईने होत नाही. फितीला स्पर्श करणारा चकचकीत दंडगोल चालू यंत्रात मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या कडेला बसवलेली हेडं केसासारखी नाजूक असतात. प्लग काढा. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दंडगोलावर हलकी टेकवा, कागद स्थिर ठेवा आणि दंडगोल वरून हाताने फिरवा. कागद वर-खाली घासलात तर हेड तुटलंच म्हणून समजा. कापसाचा बोळा इथे नको, त्याचे तंतू हेडला अडकतात. बोळा रोलरसाठी आणि आवाजाच्या स्थिर हेडसाठी वापरा. अत्तर, स्पिरिट, पेट्रोल असले घरगुती प्रयोग टाळा. आणि प्रत्येक कॅसेटसाठी ट्रॅकिंग हाताने जुळवा. ज्या यंत्रावर कॅसेट रेकॉर्ड झाली तेच यंत्र अजून चालू असेल तर ती त्यावरच सर्वांत स्वच्छ वाजण्याची शक्यता जास्त.

आता रेकॉर्डर. नवे डीव्हीडी रेकॉर्डर आपल्याकडच्या दुकानांत जवळजवळ मिळत नाहीत, त्यामुळे हाही व्यवहार जुन्या मालाचाच. एकाच खोक्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर असलेला कॉम्बो सर्वांना मोहात पाडतो. एक बटण दाबलं की कॅसेट डिस्कवर. थोड्याच कॅसेट असतील आणि वायरींचा कंटाळा असेल तर तो घ्यायला हरकत नाही. पण त्यातला व्हीसीआर बहुधा स्वस्तातला असतो आणि एक बाजू बिघडली की दुसरीची किंमत अर्धी होते. कॅसेटचा ढीग असेल तर माझं मत वेगवेगळ्या यंत्रांच्या बाजूने. त्यातही आत हार्डडिस्क असलेला रेकॉर्डर मिळाला तर सोडू नका. आधी सगळं हार्डडिस्कवर घ्यायचं, निळा पडदा आणि रिकामी फीत कापून टाकायची, मग डिस्क लिहायची. डिस्क वाया जात नाहीत.

रेकॉर्डरवर सर्वांत जास्त नुकसान होतं ते दर्जाची निवड चुकल्याने. एका ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपी मोडमध्ये १ तास, एसपीमध्ये २, एलपीमध्ये ४ आणि ईपीमध्ये ६ तास मावतात. ई-१८० कॅसेट ३ तासांची, म्हणून लोक ती एलपीवर टाकून एकाच डिस्कमध्ये बसवतात. एलपीला बरीच यंत्रं चित्राची रुंदी निम्मी, ३५२ ठिपक्यांची करतात आणि डेटाही कमी देतात. याची परीक्षा कुठे घ्यायची ते सांगतो: मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तिथे. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागे हलणारी गर्दी आणि वर कॅसेटच्या स्वतःच्या मुंग्या. डेटा दाबणाऱ्या गणिताला याहून कठीण प्रसंग मिळत नाही. तेवढीच दोन मिनिटं एक्सपी, एसपी आणि एलपीवर उतरवून मोठ्या टीव्हीवर बघा. एलपीमध्ये नवरा-नवरीचे चेहरे चौकटींत फुटलेले दिसतील आणि दोन डिस्क घालवायला तुम्ही आपणहून तयार व्हाल. एसपीच्या खाली जायचं नाही. डिस्क काय, कांद्याच्या भावात मिळते.

दुसरी अडचण स्थिरतेची. जुनी फीत एकसारख्या वेगाने वाजत नाही, म्हणून खांबाच्या उभ्या कडा लाटांसारख्या हलतात, चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो. याला उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, पण स्वतंत्र यंत्र महाग आणि दुर्मीळ. काही डीव्हीडी रेकॉर्डर आत येणारा सिग्नल आपोआप सरळ करून पुढे पाठवतात. पॅनासोनिकची डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ ही मॉडेल्स या गुणासाठी जगभरच्या हौशी मंडळींत प्रसिद्ध आहेत. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये नुसतं असं यंत्र बसवलं तरी चित्र सुधारतं. डिस्क लिहिणारं त्याचं लेझर गेलेलं असलं तरी बऱ्याचदा हे काम ते करतं, म्हणून भंगारातला ईएस१५ दिसला तर किंमत विचारा.

‘ही कॅसेट कॉपी करता येत नाही’ असा संदेश चित्रपटांच्या विकतच्या कॅसेटवर येतो. त्यांच्यात मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप असतं आणि त्यांचे हक्क दुसऱ्याचे आहेत, तिथे थांबावं. पण कधीकधी घरच्या कॅसेटवरही तोच संदेश झळकतो. फितीवरचे खुणेचे सिग्नल झिजले की रेकॉर्डरचा गैरसमज होतो. हेड साफ करा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावा, किंवा वर सांगितलेलं स्थिर करणारं यंत्र मध्ये घाला.

डीव्हीडी रेकॉर्डर मिळालाच नाही तर यूएसबी कॅप्चर कार्ड. पिवळी-पांढरी-लाल वायर एका टोकाला, लॅपटॉप दुसऱ्या टोकाला. हजाराच्या आतली अनेक कार्डं एकसारखी दिसतात, पण आतली चिप वेगवेगळी असते. काहींत आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो, काही खराब फीत आली की निळा पडदा दाखवून गप्प बसतात. परत करण्याची मुदत असलेलं कार्ड घ्या आणि तासभर सलग रेकॉर्ड करून शेवटी ओठ आणि शब्द जुळतात का ते बघा. ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्याची मांडणी मुळात रुंद पडद्यासाठी असते, म्हणून कॅनव्हास ७६८ बाय ५७६ करा. नाहीतर सगळे पाहुणे आडवे फुगतील. चित्रांचा वेग ५० ठेवा आणि सोर्सवर उजवं बटण दाबून डीइंटरलेसमध्ये याडिफ २एक्स निवडा. डेटाचा वेग ८,००० केबीपीएस ठेवलात तर तासाला साडेतीन-पावणेचार जीबीची फाइल होते. पिवळी वायर थेट एचडीएमआयमध्ये बदलून देणाऱ्या डब्यांचा मोह धरू नका. ते चित्र फुगवतात आणि फुगवताना त्याच्या ओळींचा खिचडा करतात. कॉम्प्युटरशिवाय थेट मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारी छोटी खोकी सोयीची आहेत, दर्जा मात्र बेताचाच.

डिस्क लिहून झाली की ती फायनलाइज करा. हे विसरलं तर ती फक्त त्याच रेकॉर्डरवर दिसते, आणि तो रेकॉर्डर उद्या बंद पडला तर डिस्क असून नसल्यासारखी. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. डिस्कसाठीच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहा. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर जळून उमटते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने फिका पडतो. म्हणून डिस्क हा शेवटचा मुक्काम समजू नये. कॉम्प्युटरमध्ये डिस्क घालून तिच्यातलं व्हिडिओ-टीएस हे फोल्डर जसंच्या तसं हार्डडिस्कवर उतरवा, त्यात दर्जा तसूभर कमी होत नाही. एक प्रत घरी, दुसरी वेगळ्या हार्डडिस्कवर भावाकडे किंवा मुलीकडे, दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात साल, गाव आणि प्रसंग घाला. ‘न्यू व्हिडिओ ३’ या नावाने पुढच्या पिढीला काही सापडणार नाही. मूळ कॅसेट फेकू नका. पूर्ण गुंडाळून, खोक्यात, उभ्या ठेवा.

हे सगळं करण्याइतका वेळ नसेल तर काम स्टुडिओला द्या, पण देताना नेमकं विचारा. एका डिस्कवर किती तास बसवणार? फाइल पेनड्राइव्हवरही देणार का? व्हीसीआर शेवटचा कधी साफ केला? कॅसेट परत देणार ना? पहिल्या प्रश्नाला ‘तीन तास आरामात बसतील’ हे उत्तर आलं की दुसरा स्टुडिओ बघा. सगळ्या कॅसेट एकदम देऊ नका. एक द्या, बघा, मग बाकीच्या. शूटिंगवाला आज म्हणत असेल की हक्क त्याचे, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगा: वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो.

मिक्सिंगमध्ये मागे घातलेल्या चित्रपटातल्या गाण्यांना मात्र हे लागू नाही. लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर संगीत कंपनीचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. खाजगी लिंक ठेवली तरी तपासणी टळतेच असं नाही. नातेवाइकांना थेट फाइल पाठवा. न्यू जर्सीतल्या आतेभावाला तर डिस्क पाठवूच नका. घरी लिहिलेल्या डिस्कला रीजन कोडची अडचण नसते, पण ती पाल पद्धतीची असते आणि तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत. शिवाय त्याच्या घरात प्लेअर अजून शिल्लक असेल, याचीही खात्री नाही.